हातांना पाठ असलेल्या प्रार्थना

१९०० साली एडिंबरामध्ये दोन खंडांचा एक देखणा ग्रंथ छापून निघाला. प्रती फक्त तीनशे. एका पानावर गेलिक, समोरच्या पानावर इंग्रजी, आणि रचनांच्या आरंभी जुन्या हस्तलिखितांवरून रेखाटलेली वेलबुट्टीची अक्षरं. ती अक्षरं संग्राहकाच्या पत्नीने, मेरी फ्रान्सिस कारमायकल यांनी काढली होती. ग्रंथाचं नाव ‘कार्मिना गाडेलिका’. एवढ्या थाटात जे छापलं गेलं ते मात्र अतिशय साध्या माणसांच्या तोंडचं होतं. स्कॉटलंडच्या पश्चिम समुद्रातल्या हेब्रिडीज बेटांवरची कुळं, कोळी, गुराखी, विणणाऱ्या आणि धारा काढणाऱ्या बायका ही ती माणसं. सकाळी विस्तव फुलवताना, तोंड धुताना, गाईच्या कासेला हात लावताना, गुरं कुरणाकडे हाकताना, माग लावताना, बी पेरताना, होडी पाण्यात लोटताना आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना ती जे पुटपुटत, ते अलेक्झांडर कारमायकल यांनी चार दशकांहून अधिक काळ ऐकून टिपून ठेवलं.

ख्रिस्ती ध्यानपरंपरेची ओळख करून देणारी पुस्तकं बहुधा मठापासून सुरू होतात. मौन, एकांत, आसन, श्वास, मग हळूहळू मनाची स्थिरता, असा त्यांचा क्रम असतो. तो खोटा नाही. पण त्या क्रमाने गेलं की संसारी वाचकाच्या मनात एक अंतर सुरुवातीपासूनच तयार होतं. ध्यान हे ज्यांना वेळ आहे त्यांचं काम, आपण फार तर सुट्टीच्या दिवशी त्याची चव घ्यावी, असं त्याला वाटू लागतं. म्हणून या पुस्तकाची सुरुवात मी धुराने काळवंडलेल्या एका घरातून करते आहे. तिथे प्रार्थनेसाठी वेगळा वेळ जवळजवळ नव्हता, आणि तरीही दिवसाचा क्वचितच एखादा भाग प्रार्थनेवाचून जात असे.

हे घर कसं होतं ते आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. जाडजूड दगडी भिंती, वर गवताने शाकारलेलं छप्पर, धुराडं नाही, आणि बऱ्याचदा त्याच छपराखाली एका टोकाला गुरं बांधलेली. जमिनीच्या मधोमध विस्तव. त्या बेटांवर झाडं फारशी नाहीत, त्यामुळे सरपण म्हणजे पीट. दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला वनस्पतींचा हा काळा थर विटांसारखा कापून, वाळवून, रचून ठेवायचा आणि वर्षभर जाळायचा. हा विस्तव सहसा विझू दिला जात नसे. रात्री तो राखेत झाकायचा आणि सकाळी राख बाजूला सारून पुन्हा फुलवायचा. ही दोन्ही कामं घरच्या बाईची.

रात्रीच्या या कामाचं वर्णन कारमायकल यांनी बारकाईने केलं आहे. बाई निखारे जमिनीवर गोलाकार पसरते आणि त्यांचे तीन सारखे भाग करते, मधोमध थोडा उंचवटा ठेवून. तिन्ही भागांच्या मधे पीटचा एकेक तुकडा असा ठेवते की त्याचं एक टोक मधल्या उंचवट्याला टेकावं. पहिला तुकडा जीवनाच्या देवाच्या नावाने, दुसरा शांतीच्या, तिसरा कृपेच्या. मग सगळ्यावर राख लोटते. विस्तव धुमसत राहील पण विझणार नाही, इतकीच राख. तेही त्या त्रिएक देवाच्या नावाने. हे झालं की डोळे मिटून, हात पुढे करून ती हलक्या आवाजात एक प्रार्थना म्हणते. घर, घरातली माणसं, गुरं, आजची रात्र असं सगळं त्या प्रार्थनेत येतं.

या वर्णनाशी वाचकाने जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते इथे आहे. पीटचे तीन तुकडे तसे ठेवले नाहीत तर विस्तव सकाळपर्यंत टिकणार नाही, आणि त्या वाऱ्यापावसाच्या मुलखात विस्तव विझणं म्हणजे घर गारठणं. काम खरं होतं. चुकलं तर त्याची किंमत मोजावी लागे. प्रार्थना त्या कामावर वरून चिकटवलेली नव्हती. काम जितक्या टप्प्यांचं तितक्याच टप्प्यांची प्रार्थना, आणि जो हात राख सारत होता त्याच हाताच्या हालचालीत ती साठवलेली. ती म्हणायला विसरणं म्हणजे हाताची हालचालच विसरण्यासारखं. ईश्वराच्या सान्निध्याचं भान दिवसभर टिकावं कसं, हा ख्रिस्ती ध्यानमार्गातला सर्वांत जुना प्रश्न आहे. या बायकांनी त्याला दिलेलं उत्तर असं की ते भान टिकवण्याची जबाबदारी एकट्या मनावर टाकू नये. मन भरकटतं. ती जबाबदारी रोज ठरल्या वेळी येणाऱ्या कामावर टाकावी.

सकाळी तोंड धुतानाही तेच. तीन ओंजळी पाणी, त्रिएक देवाच्या एकेका व्यक्तीसाठी एकेक ओंजळ. गाईची धार काढताना म्हणायची गीतं धारेच्या लयीत असत. गाय त्या आवाजाला सरावे, आणि ओळखीचं गीत ऐकल्याशिवाय काही गाई पान्हा सोडत नसत, असंही कारमायकल नोंदवतात. या गीतांमध्ये संत ब्रिजिड वारंवार येते. आयर्लंडमधल्या किल्डेअरची ही मठाधिपती बेटांवरच्या बायकांना गोठ्यातली आणि बाळंतिणीच्या खोलीतली आपली सोबतीण वाटे; बेथलेहेममध्ये मरियेची सुईण तीच होती, अशी त्यांची श्रद्धा. किल्डेअरमध्ये ब्रिजिडच्या नावाने जोगिणींनी अखंड राखलेल्या विस्तवाबद्दल बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने लिहून ठेवलं आहे. हेब्रिडीजमधली बाई सकाळी विस्तव फुलवताना ब्रिजिडचं नाव घेते तेव्हा ते नाव तिच्यापर्यंत फार लांबून आलेलं असतं.

पेरणीचा विधी याहून मोठा. बी शेतात नेण्याआधी तीन दिवस त्यावर देवाच्या नावाने पाणी शिंपडायचं, आणि शिंपडताना सूर्याच्या गतीने, म्हणजे उजवीकडून, फिरायचं. पाण्याने बी लवकर रुजतं हे शेतकऱ्याला माहीत होतं. ते ठाऊक असूनही, किंवा कदाचित त्यामुळेच, तो ते देवाचं नाव घेऊन करत होता. सप्टेंबरच्या २९ तारखेला, देवदूत मिखाएलच्या सणाला, शेतात पिकलेल्या सगळ्या धान्यांच्या पिठाची मोठी भाकर भाजत. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी भाकर असे, आणि त्या दिवशी घोड्यांच्या शर्यती होत. संकटाच्या वेळी माणूस उजव्या हाताची तर्जनी पुढे करून स्वतःभोवती सूर्याच्या दिशेने एक वर्तुळ काढी. ते वर्तुळ त्याच्याबरोबर चाले.

कारमायकल यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण ऐकणारा कोण होता यावर ऐकलेलं बरंच अवलंबून असतं. १८३२ साली लिस्मोर बेटावर त्यांचा जन्म झाला. नोकरी अबकारी खात्यात. दारूवरचा कर वसूल करणारा सरकारी माणूस गावोगाव पायी आणि होडीने फिरतो, रात्री कुणाच्या तरी घरी विस्तवाजवळ बसतो आणि म्हाताऱ्यांना बोलतं करतो. अबकारीवाल्याचं स्वागत कुठल्याच गावात आनंदाने होत नाही. तरीही कारमायकल यांच्यासमोर दारं उघडली, कारण ते त्यांची भाषा आपली म्हणून बोलत आणि ऐकताना घाई करत नसत. बढतीपेक्षा त्यांनी बेटांवर राहणं पसंत केलं. १९१२ मध्ये ते वारले. तिसरा आणि चौथा खंड त्यांचे नातू जेम्स कारमायकल वॉटसन यांनी १९४० आणि १९४१ मध्ये संपादित केले, आणि १९४२ साली युद्धात समुद्रावर ते बेपत्ता झाले. पाचवा खंड अँगस मॅथसन यांच्या संपादनाखाली १९५४ मध्ये निघाला.

पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत कारमायकल एक हकिगत सांगतात. एका संध्याकाळी बेटावरच्या एका वृद्धाने, भान हरपून, झोपी जाताना म्हणायची आपली प्रार्थना त्यांना म्हणून दाखवली. ती अत्यंत सुंदर होती आणि कारमायकल यांनी ती लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो म्हातारा २६ मैल, म्हणजे चाळीसहून जास्त किलोमीटर, प्रवास करून पुन्हा त्यांच्याकडे आला. रात्रभर त्याला डोळा लागला नव्हता. आपण काय देऊन बसलो, या विचाराने तो अस्वस्थ होता. कारमायकल यांना स्वतःला त्यातून आनंद मिळत असेल तर त्याला अभिमानच होता, पण कोरड्या, परक्या नजरांनी ती पुस्तकात वाचावी हे त्याला सहन होणार नव्हतं. मग तो कागद जाळून टाकण्यात आला.

हे वाचून एखाद्या संशोधकाला हळहळ वाटेल. मला मात्र हा प्रसंग म्हणजे संपूर्ण ग्रंथातली सर्वांत मौल्यवान नोंद वाटते. या संग्रहाच्या दाराशीच एक रिकामी जागा आहे, आणि ती आपल्याला सांगते की आतल्या सगळ्या गोष्टी मुळात कुणाच्या तरी अंथरुणाजवळच्या, गोठ्यातल्या, चुलीपाशी म्हटलेल्या आहेत. त्या वाचण्यासाठी रचलेल्या नाहीत. तो म्हातारा संतापला नव्हता, त्याने पैसेही मागितले नव्हते. जी गोष्ट म्हणण्यात जिवंत असते ती नुसती वाचली गेली तर तिचं काय होतं, हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळलं होतं.

अलीकडच्या काळात याच परंपरेच्या आधाराने ‘केल्टिक अध्यात्म’ या नावाखाली जे बरंच काही लिहिलं आणि विकलं जातं, त्यात ही जाण फारशी दिसत नाही. धुक्यातला किनारा, दगडी क्रॉस, समुद्रपक्षी आणि खाली दोन ओळींची प्रार्थना, अशी भेटकार्डं ठिकठिकाणी मिळतात. त्यांनी कुणाच्या मनाला विसावा मिळत असेल तर तो मी नाकारत नाही. पण त्या धुक्यामागे राहणाऱ्या माणसांचं काय झालं, हे त्या कार्डांवर नसतं. १८५१ साली कर्नल गॉर्डन या जमीनदाराने साउथ युइस्ट आणि बारा या बेटांवरची सुमारे १,७०० माणसं जहाजांत घालून कॅनडाला पाठवली. काहींना अक्षरशः पकडून चढवण्यात आलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये जिकडेतिकडे मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावं उठवली जात होती. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून उपासमारीची वर्षं आली होती. कुळांच्या हालाखीची चौकशी करायला १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमला गेला आणि १८८६ च्या कायद्याने त्यांना जमिनीवर राहण्याची थोडी शाश्वती मिळाली. बेटांवरच्या शेतीच्या आणि सामाईक कुरणांच्या चालीरीतींवर या आयोगासाठी टिपण कुणी लिहिलं? कारमायकल यांनीच. प्रार्थना टिपणारा माणूस आणि कुरण कसं वाटून घेतात हे टिपणारा माणूस एकच होता. म्हणून ‘कार्मिना गाडेलिका’तली घराला, गाईला, होडीला संरक्षण मागणारी प्रार्थना वाचताना लक्षात ठेवायला हवं की ते घर, ती गाय आणि ती होडी यांतलं काहीही उद्या हातात राहीलच याची खात्री नसलेल्या माणसांनी ती म्हटलेली आहे.

त्यांच्या गेलिक भाषेवरही घाला होता. आयला बेटावरच्या शाळेतल्या मुलींनी शाळा सुटल्यावर गेलिक गाणं म्हटलं म्हणून मास्तरांनी त्यांना परत बोलावून बोटांतून रक्त येईपर्यंत मारलं, ही त्यांच्यापैकीच एकीची आठवण कारमायकल यांनी नोंदवली आहे. शिवाय काही कडक प्रॉटेस्टंट उपदेशकांना या प्रार्थनांतले संत, देवदूत, वर्तुळं आणि मंत्र म्हणजे जुन्या अंधश्रद्धेचा गाळ वाटे. त्यांच्या शंकेला काही आधार नव्हता असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दृष्ट काढणं, मुरगळलेला पाय उतरवणं, दातदुखी थांबवणं यांचे मंत्रही याच संग्रहात आहेत, आणि तेही ख्रिस्ताचं नाव घेऊनच. प्रार्थना कुठे संपते आणि मंत्र कुठे सुरू होतो ही रेघ त्या घरांत कुणी आखली नव्हती.

आता जरा मागे जाऊ, कारण ही रीत बेटांवर आकाशातून पडलेली नाही. ५६३ साली आयर्लंडमधून कोलंबा नावाचा राजघराण्यातला भिक्षू बारा सोबत्यांसह आयोना या छोट्या बेटावर आला आणि तिथे त्याने मठ उभारला. त्याचं चरित्र त्याच मठाचा नंतरचा अधिपती अ‍ॅडोम्नान याने सुमारे शंभर वर्षांनी लिहिलं. त्यातला कोलंबाच्या शेवटच्या दिवसाचा भाग मला त्या काळच्या सगळ्या संतचरित्रांत वेगळा वाटतो. ५९७ साल. मरणाची वेळ जवळ आलेला हा म्हातारा आधी धान्याच्या कोठारात जातो. भिक्षूंना वर्षभर पुरेल इतकं धान्य आहे हे पाहून देवाचे आभार मानतो. परतताना थकून वाटेत बसतो. तिथे गोठ्यातून मठापर्यंत दुधाची भांडी वाहून आणणारा पांढरा घोडा येतो, त्याच्या छातीशी डोकं टेकतो आणि रडू लागतो. सेवक घोड्याला हुसकू पाहतो, कोलंबा त्याला अडवतो. मग तो आपल्या झोपडीत जाऊन स्तोत्रसंहितेची नक्कल करत बसतो, चौतिसाव्या स्तोत्राच्या मध्यावर थांबतो, आणि उरलेलं शिष्य बाइथेनने लिहावं असं सांगतो. त्याच रात्री तो जातो. कोठार, दूध, घोडा, लेखणी. संताच्या शेवटच्या दिवशी चरित्रकाराला सांगण्यासारख्या वाटलेल्या गोष्टी या आहेत.

या भिक्षूंचं जगणं मवाळ नव्हतं, हेही सांगायला हवं. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर अटलांटिकमध्ये स्केलिग मायकल नावाचा खडक आहे. समुद्रातून थेट दोनशे मीटरांहून उंच उठलेला. तिथे चुन्याशिवाय नुसते दगड रचून बांधलेल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सहा खोल्या अजून उभ्या आहेत. उपास, थंड पाण्यात उभं राहून हात पसरून केलेली प्रार्थना, पापांच्या प्रायश्चित्ताची तपशीलवार कोष्टकं हा सगळा त्यांच्या साधनेचा भाग होता. या कठोरपणाचं मूळ इजिप्तच्या वाळवंटात आहे. आयरिश दगडी क्रॉसांवर वाळवंटातले पॉल आणि अँटनी हे दोन साधू आणि त्यांना भाकर आणून देणारा कावळा वारंवार कोरलेला दिसतो. २००६ साली आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यात पीट काढताना यंत्राखाली एक हजार-बाराशे वर्षांपूर्वीची स्तोत्रसंहिता सापडली. तिच्या चामड्याच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला पपायरस निघाला. ज्या पीटने बेटांवरची चूल पेटत होती त्याच पीटने इजिप्तशी असलेल्या नात्याचा हा पुरावा शतकानुशतकं सांभाळला होता.

इजिप्तच्या या साधूंची शिकवण पश्चिमेकडे पोचवण्यात जॉन कॅशियनचा वाटा मोठा. पाचव्या शतकाच्या आरंभी त्याने त्यांच्याशी झालेले संवाद लिहून काढले. त्यांतल्या दहाव्या संवादात अब्बा आयझॅक हा साधू सांगतो की स्तोत्रांतली देवाला मदतीसाठी हाक मारणारी एकच छोटी ओळ घ्यावी आणि काम करताना, प्रवासात, जेवताना, झोपताना, सुखात आणि मोहात ती मनात चालू ठेवावी. अविरत प्रार्थना म्हणजे काय, तर हे. पुढे शतकं उलटली आणि ही शिकवण एका विलक्षण वाटेने परत आली. आयरिश कुटुंबातला जॉन मेन हा तरुण १९५० च्या दशकात मलायात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होता. क्वालालंपूरमध्ये तो स्वामी सत्यानंद यांना भेटला. ते त्याला म्हणाले, तू ख्रिस्ती आहेस तर ख्रिस्ती शब्द घे, रोज सकाळ-संध्याकाळ बस आणि तो जपत राहा. पुढे मेन बेनेडिक्टाइन भिक्षू झाला, तेव्हा त्याला ही पद्धत सोडायला सांगण्यात आलं आणि त्याने ती सोडली. बऱ्याच वर्षांनंतर कॅशियनचा तो दहावा संवाद वाचताना त्याला कळलं की स्वामींनी दिलेलं त्याच्या स्वतःच्या परंपरेत दीड हजार वर्षांपासून आहे. १९७५ मध्ये लंडनच्या ईलिंग मठात त्याने सुरू केलेल्या छोट्या ध्यानगटातून आज जगभर पसरलेली ख्रिस्ती ध्यानाची चळवळ उभी राहिली.

शांत बसून एक शब्द जपणं आणि राख सारताना तीन देवनामं घेणं या दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. चौदाव्या शतकातल्या ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ या इंग्रजी ग्रंथाचा अनाम लेखक सगळ्या प्रतिमा, सगळे विचार खाली ठेवायला सांगतो. हेब्रिडीजमधल्या प्रार्थना तर प्रतिमांनी, नावांनी, गाईगुरांनी ओसंडून वाहतात. दोन्हींची वाट वेगळी आहे. पण अब्बा आयझॅकचा कामाच्या मधोमध चाललेला जप आणि मठाबाहेरच्या बाईची राखेजवळची प्रार्थना यांच्यात मला सरळ नातं दिसतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक जुना सैनिक स्वयंपाकघरात राबत असे. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाजवळच असतो, असं तो सांगे. त्याची पत्रं आणि संभाषणं त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि त्याला जगभर वाचक मिळाले, कारण मठातल्या आचाऱ्याने हे साधावं हे अपूर्व वाटलं. हेब्रिडीजमध्ये ते गावच्या गाव करत होतं, आणि त्यात अपूर्व असं काही कुणाला वाटत नव्हतं. आई पहाटे मुलांना उठवून सांगे की मरियेचा चंडोल वर ढगांत गातो आहे, पलीकडे झाडावर पाखरू गातं आहे, तर तुम्हीही देवाला तुमचं सकाळचं गाणं म्हणा. कुणी तिला साधक म्हटलं नाही.

‘केल्टिक’ या नावाबद्दल एक इशारा. रोमपासून फारकत घेतलेलं, निसर्गप्रेमी, स्त्रियांना समान मानणारं, सत्तेपासून मुक्त असं एक स्वतंत्र ‘केल्टिक चर्च’ एके काळी होतं, हे चित्र इतिहासाला धरून नाही. आयरिश आणि ब्रिटिश ख्रिस्ती स्वतःला एकाच सार्वत्रिक मंडळीचे घटक मानत. ६६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबीला वाद झाला तो मुख्यतः ईस्टरची तारीख कशी काढायची आणि भिक्षूंनी डोक्याचं मुंडण कोणत्या पद्धतीने करायचं यावर. गेलिक भाषेचे अभ्यासक डोनाल्ड मीक यांनी या कल्पनारम्य चित्रावर कठोर टीका केली आहे. इयन ब्रॅडली यांनी तर १९९३ मध्ये उत्साहाने या विषयावर एक लोकप्रिय पुस्तक लिहून १९९९ मध्ये दुसऱ्या पुस्तकात त्या उत्साहाची स्वतःच चिकित्सा केली. कारमायकल यांच्या संपादनावरही प्रश्न उठले. त्यांनी ऐकलेलं किती घासूनपुसून छापलं यावर १९७० च्या दशकात हॅमिश रॉबर्टसन आणि जॉन लॉर्न कॅम्बेल यांच्यात मोठा वाद झाला. कारमायकल यांच्या वह्या एडिंबरा विद्यापीठात आहेत, आणि त्यांवरून दिसतं की त्यांनी ओळी सावरल्या, जुने शब्द घातले, तुकडे जोडले. संग्रह बनावट नाही, पण तो एका कविवृत्तीच्या माणसाच्या हातून गेलेला आहे. हे जाणून वाचलं तरी त्यातलं सोनं कमी होत नाही, असं माझं मत आहे.

मराठी वाचकाला या संग्रहाकडे जायला एक ओळखीचा रस्ता आहे: जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हाताच्या कामातून उगवणारी, बाईने बाईला दिलेली, दळण थांबलं की थांबणारी रचना काय असते हे समजावून सांगावं लागणार नाही. साम्य इथवरच. ओवीत भाऊ, माहेर, सासुरवास, विठ्ठल यांच्याशी मोकळा संवाद चालतो; हेब्रिडीजच्या प्रार्थना अधिक विधीबद्ध आहेत, त्यांत संरक्षणाची मागणी अधिक आहे. पण जातं गेलं आणि गिरणी आली तेव्हा ओवी कामापासून सुटली, हे आपण पाहिलं आहे. पीटचा विस्तव गेला तेव्हा त्या प्रार्थनांचंही तेच झालं.

मराठी ख्रिस्ती परंपरेलाही हा प्रश्न नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं, कारण इथल्या माणसाच्या ओठांवर कोणता छंद बसतो हे त्यांनी गोव्यात राहून जाणलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारून चर्चच्या चौकटीबाहेरची एक भक्तिमंडळी कल्पिली. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. १९२७ पासून पुण्यात त्याचा आश्रम झाला. तिथे जमिनीवर बसून, मराठी भजन म्हणत, साधेपणाने राहत उपासना चाले. या सगळ्यांची धडपड एका बाबतीत हेब्रिडीजच्या बायकांच्या जवळची आहे: प्रार्थना परक्या घरातून आणलेली वस्तू वाटू नये, जीभ आणि हात यांना ती सवयीची व्हावी.

या पुस्तकात प्रार्थनांची मांडणी दिवसाच्या क्रमाने केली आहे. विस्तव फुलवण्यापासून सुरुवात, मग धुणं, धार, गुरं, माग, प्रवास, आणि रात्रीच्या राखेपर्यंत शेवट. प्रत्येक प्रार्थनेच्या आधी ते काम कसं करत याचं वर्णन दिलं आहे, आणि ते वगळून थेट प्रार्थनेकडे जाऊ नये अशी माझी वाचकाला विनंती आहे. दुखण्यांचे मंत्र वेगळ्या प्रकरणात आहेत. त्यांना लाजून झाकून ठेवणं मला पटलं नाही. सणांच्या प्रार्थना, मिखाएलची भाकर आणि पेरणीचा विधी वर्षाच्या क्रमाने शेवटी येतात. त्यांना समजून घ्यायचं तर बेटांवरची शेती, कुरणांची वाटणी आणि कुळांचे हक्क यांची माहिती लागते, म्हणून त्यांच्याआधी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आयोनाच्या मठाची पुढची कथाही तिथेच येईल: १९३८ पासून जॉर्ज मॅक्लाउड या पाद्रीने ग्लासगोचे बेकार कारागीर आणि धर्मशास्त्राचे तरुण विद्यार्थी यांना बरोबर घेऊन तिथली पडकी इमारत पुन्हा कशी उभी केली ती.

पीटचा विस्तव आपल्या घरात नाही आणि तो आणण्याचा प्रयत्नही करू नये. पण रोज ठरल्या वेळी येणारं, टाळता न येणारं, दोन हातांनी करायचं एखादं काम प्रत्येक घरात आहे. दूध तापवणं, कुलूप लावणं, मुलाच्या डब्याची तयारी, आजारी माणसाची औषधं मोजणं. यांतलं एक निवडावं आणि त्याच्या टप्प्यांनुसार आपल्या भाषेतल्या दोन-तीन शब्दांची प्रार्थना त्याला जोडून पाहावी. मग हे पुस्तक वाचावं. या क्रमाने वाचलं तर कारमायकल यांनी टिपलेल्या रचनांमध्ये इतकी पुनरुक्ती का आहे, तीच तीन नावं, तेच आशीर्वाद पुन्हा पुन्हा का येतात, असा प्रश्न बहुधा पडणार नाही.